घरचा रस आणि यंत्राची निवड

इंदूरच्या रामबाग भागात तीन पिढ्यांपासून राहत असलेल्या एखाद्या मराठी कुटुंबाचे उदाहरण या विषयाच्या आरंभी घेण्यासारखे आहे. घरात वृद्ध आजोबा, आजी, मुलगा, सून आणि दहा वर्षांची नात. आजोबांना मधुमेह, शिवाय दाढा गेलेल्या, आणि कवळी बसवून घेण्यास त्यांची साफ ना. तपासणीच्या वेळी डॉक्टर सहज म्हणाले, "फळे खात चला." मुलाने घरी येऊन या वाक्याचा अर्थ लावला तो असा, की बाबांना फळे चावत नाहीत, तेव्हा त्यांना रस द्यावा, रस द्यावयाचा तर तो घरी काढलेला व ताजा असावा, आणि ताजा रस काढावयाचा तर यंत्र उत्तमातील उत्तम असावे. बाजारात जाऊन त्याने एक मंदगती यंत्र पाहूनही ठेवले. किंमत ऐकून आजोबा दचकले. परंतु वडिलांच्या प्रकृतीपुढे पैशाचा विचार करू नये, असे मुलाचे म्हणणे. दुधी भोपळ्याचा रस हृदयाला हितकर असतो, हे आजींनी कोणाकडून तरी ऐकले होते. तेव्हा यंत्र येतेच आहे तर तोही रोज सकाळी निघावा, अशी त्यांची पुस्ती. सून बराच वेळ गप्प होती. शेवटी तिने एकच प्रश्न विचारला, "ते रोज धुणार कोण?"

वरवर पाहता हा प्रश्न आळसाचा वाटेल. वस्तुतः यंत्राच्या निवडीतील निम्मे शहाणपण त्यात आहे. उरलेले निम्मे आणखी तीन प्रश्नांत सामावते : रस कोणासाठी काढावयाचा, कशाचा काढावयाचा आणि किती काढावयाचा. या चार प्रश्नांची उत्तरे घरी बसून शोधल्यावाचून जो दुकानाची पायरी चढतो, त्याला विक्रेता जी उत्तरे देईल तीच आपली मानावी लागतात.

फळातील रस असतो तरी कोठे, याचा विचार प्रथम करू जाता यंत्रांचे सारे भेद आपोआप उलगडतात. प्रत्येक फळ वा कंद हा असंख्य सूक्ष्म पेशींचा बनलेला असतो. रस त्या पेशींच्या आत साठलेला असतो आणि पेशीभोवती तंतुमय भित्तिका असते. ही भित्तिका फोडल्याशिवाय रस बाहेर येत नाही. संत्रे किंवा मोसंबे यांच्या फोडीत रसाच्या लांबट, पातळ कातडीच्या पिशव्या निसर्गानेच रचून ठेवलेल्या आहेत. त्यांना नुसता दाब पुरतो. गाजर व बीट यांचे तसे नाही. त्यांच्या पेशी घट्ट बांधणीच्या असल्यामुळे त्यांना आधी किसावे वा वाटावे लागते आणि मग पिळावे लागते. पालक, पुदिना, गव्हांकुर यांसारख्या पानांना चेचून दाबणेच भाग असते. म्हणजे फळ बदलले की क्रिया बदलते, आणि क्रिया बदलली की यंत्र बदलते. सर्व फळांना सारखेच उत्तम असे यंत्र शोधू जाणे म्हणजे एकाच भांड्यात पुरण शिजवावे आणि त्याच भांड्यात ताकही घुसळावे, असा आग्रह धरण्यासारखे आहे.

मराठी स्वयंपाकघराला या क्रिया नव्या नाहीत. आमरसासाठी आंबे हाताने माचून पिळावयाचे आणि तो रस पुरणयंत्रातून काढून दशा वेगळ्या करावयाच्या, ही रीत वडोदऱ्यापासून बेळगावपर्यंत घरोघर चालत आली. नारळाचा रस काढताना खोबरे आधी वाटावयाचे आणि मग फडक्यातून पिळावयाचे, हे कोकणात व गोव्यात लहान मुलीलाही ठाऊक असे. आयुर्वेदाने औषधी वनस्पतींच्या पाच मूलभूत कल्पना सांगितल्या, त्यांत पहिली स्वरसाची : ताजी वनस्पती कुटावी आणि वस्त्रातून पिळून रस घ्यावा. उसाच्या रसवंतीतील लोखंडी लाटांमध्ये कांडे दोनदा-तीनदा दुमडून घालतात, तेही नुसत्या दाबाचेच काम. कुटणे, किसणे, पिळणे आणि गाळणे या चार क्रिया जुन्याच आहेत. विजेच्या यंत्राने त्या एकत्र आणल्या व त्यांना वेग दिला, इतकेच.

आता बाजारातील प्रकार पाहावेत. पहिला आणि सर्वांत साधा प्रकार लिंबूवर्गीय फळांचा. लिंबू पिळण्याचा दोन पाकळ्यांचा चिमटा, मोसंब्याचा अर्धा भाग ज्यावर दाबून फिरवावयाचा तो काचेचा वा पोलादाचा कंगोरेदार घुमट, आणि दांडा खाली ओढून फळ दाबणारा उभा हातदाब, ही सर्व एकाच कुळातील मंडळी. त्याच घुमटाला खाली लहानसे विद्युत्‌यंत्र जोडले, की फळ हाताने फिरवण्याचे श्रमही वाचतात. या उपकरणांत बी चिरडली जात नाही आणि सालीखालचा पांढरा गर फारसा खरवडला जात नाही. याला महत्त्व आहे. मोसंबी-संत्र्यांच्या बियांत व त्या पांढऱ्या गरात कडूपणा आणणारी द्रव्ये असतात. त्यांपैकी लिमोनिन नावाचे द्रव्य तर ताज्या रसात आरंभी कडू लागतच नाही. आम्ल रसात ते हळूहळू तयार होते आणि काही वेळाने रसाला कडवटपणा येतो. सकाळी काढलेला मोसंब्याचा रस दुपारी कडू झाला म्हणून फळवाल्याला दोष दिला जातो. पुष्कळदा दोष असतो तो बियांसकट फिरवलेल्या यंत्राचा आणि लांबवलेल्या वेळेचा.

दुसरा प्रकार घरोघरी असलेल्या मिक्सरचा. त्याच्या रसाच्या भांड्यात मध्यभागी जाळीची उभी नळी असते. फळांचे तुकडे व थोडे पाणी घालून पाते फिरवले की रस जाळीतून बाहेर येतो आणि चोथा आत राहतो. कलिंगड, द्राक्षे, अननस, टोमॅटो या मऊ व पाणीदार फळांना ही व्यवस्था पुरेशी आहे. डाळिंबाच्या बाबतीत मात्र सांभाळावे लागते. पाते अधिक वेळ फिरले की आतली बी चिरडते आणि रसाला तुरटपणा येतो. म्हणून डाळिंबाचे दाणे क्षणभरच फिरवावेत व लगेच गाळावेत, किंवा सरळ फडक्यातून पिळावेत. ज्या घरी चांगला मिक्सर आहे आणि रस आठवड्यातून एखाददुसऱ्या वेळीच निघावयाचा आहे, त्या घराने दुसरे यंत्र घेण्यापूर्वी या भांड्याची आठवण करावी. ते बहुधा माळ्यावर, मूळ खोक्यात, जसेच्या तसे पडलेले सापडते.

तिसरा प्रकार वेगवान ज्यूसरचा. यात किसणीसारख्या दातांची एक चकती आणि तिच्याभोवती बारीक जाळीची टोपली असते. ही जोडी मिनिटाला हजारो फेरे घेते. गाजर नळीतून आत ढकलले की चकती त्याचा कीस करते, आणि फिरत्या टोपलीतून कपडे धुण्याच्या यंत्रातील पाण्याप्रमाणे रस बाहेर फेकला जातो. गाजर, बीट, सफरचंद, काकडी यांचा पेलाभर रस एक-दोन मिनिटांत हाती येतो. सकाळी शाळेची व कचेरीची घाई असलेल्या घराला हा वेग मोलाचा आहे. त्याचे दोष तीन : आवाज मोठा, रसावर फेस फार, आणि पालेभाजीचा उपयोग जवळजवळ शून्य, पाने चकतीवरून उडून ओलीच्या ओली चोथ्यात जाऊन पडतात.

चौथा प्रकार मंदगती यंत्राचा, ज्याला दुकानदार 'कोल्ड प्रेस' म्हणतात. यात पाते नसते. जाड मळसूत्रासारखा एक दांडा मिनिटाला साधारण ४० ते १०० फेरे घेत फिरतो आणि फळाला चेचत, पुढे ढकलत, जाळीवर दाबतो. पाने, आले, आवळा, गव्हांकुर यांचा रस काढण्यात हे यंत्र वेगवान यंत्राला मागे टाकते. चोथा कोरडा निघतो, फेस कमी होतो आणि पहाटे चालवले तरी शेजारी जागे होत नाहीत. उलट बाजूस, तंतुमय भाज्या बारीक चिराव्या लागतात, काम सावकाश होते, जाळीत तंतू अडकतात आणि किंमत साध्या यंत्राच्या कित्येक पट असते.

या चौथ्या प्रकाराच्या विक्रीसाठी एक विधान सर्वत्र केले जाते, ते पारखून घेतले पाहिजे. वेगवान यंत्राच्या उष्णतेने जीवनसत्त्वे जळून जातात आणि मंदगती यंत्रात ती सुरक्षित राहतात, असे ते विधान. मिनिट-दोन मिनिटांच्या फिरण्याने रस शिजण्याइतका तापत नाही, हे पेल्याला हात लावून कोणालाही कळते. हवेशी संयोग होऊन क जीवनसत्त्व काही प्रमाणात घटते, हे खरे. परंतु तसे ते फळ चिरल्याबरोबर घटू लागते, आणि कोणत्याही यंत्राचा रस उघडा ठेवला तरी घटत राहते. थायलंडमधील संशोधकांनी दोन्ही प्रकारच्या यंत्रांनी काढलेल्या रसांची तुलना करून २०१९ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. ताज्या रसांतील पोषक द्रव्यांत मंदगती यंत्राचे म्हणण्यासारखे श्रेष्ठत्व त्यांना आढळले नाही. तेव्हा मंदगती यंत्र घ्यावयाचे तर ते पानांसाठी, कोरड्या चोथ्यासाठी वा शांततेसाठी घ्यावे. ती कारणे प्रामाणिक आहेत. औषध म्हणून ते घेऊ नये.

महागडेपणा आणि उपयुक्तता यांतील अंतराचे एक उदाहरण अमेरिकेत घडले. तेथील 'ज्यूसेरो' नावाच्या कंपनीने २०१६ मध्ये ६९९ डॉलर किमतीचे एक घरगुती रसयंत्र बाजारात आणले. फळे व भाज्या बारीक करून भरलेल्या पिशव्या कंपनीच पुरवी आणि यंत्र त्या पिशव्या प्रचंड दाबाने पिळी. गुंतवणूकदारांनी या उद्योगात कोट्यवधी डॉलर ओतले होते. एप्रिल २०१७ मध्ये ब्लूमबर्ग या वृत्तसंस्थेच्या बातमीदारांनी ती पिशवी नुसत्या हातांनी पिळून पाहिली. जवळजवळ तेवढाच रस तितक्याच वेळात निघाला. त्याच वर्षी सप्टेंबरात कंपनीने विक्री थांबवली. यंत्र बिघडलेले नव्हते. ते आपले काम चोख करीत होते. केवळ त्या कामाला यंत्राची गरज नव्हती. घरी यंत्र आणताना हाच प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारावा : हे काम हाताने होते काय? मोसंबे रोज एक-दोनच पिळावयाचे असतील, तर उत्तर 'होय' असे आहे. रोज अर्धा किलो गाजर असेल, तर 'नाही' असे आहे.

दुकानात पाहावयाच्या गोष्टी मोजक्या आहेत. विजेच्या वॉटच्या आकड्याने भारून जाऊ नये. वेगवान यंत्राला अधिक वॉट लागतात, कारण वेग हेच त्याचे बळ. मंदगती यंत्र कमी वॉटवर दातेरी चक्रांच्या साहाय्याने तेच काम करते. ५०० वॉटचे यंत्र ५ मिनिटे चालले काय किंवा १५० वॉटचे १५ मिनिटे चालले काय, वीज एका युनिटाचा सुमारे पंचविसावा भागच जाते. महिन्याला सव्वा युनिटाचा हा हिशेब. त्यावरून निवड करण्याचे कारण नाही. आय. एस. आय. चिन्ह, तीन पायांचा प्लग, झाकण नीट बसल्याशिवाय यंत्र सुरूच होऊ न देणारी कळ, आणि भार वाढताच वीज तोडणारी व्यवस्था या चार गोष्टी मात्र तपासून घ्याव्यात. लहान मुलांच्या घरी तर विशेषेकरून. फळे खाली दाबावयास यंत्राबरोबर दट्ट्या मिळतो. तो हरवला म्हणून चमचा किंवा बोट वापरणे म्हणजे अपघाताला आमंत्रण.

यंत्राची खरी परीक्षा त्याच्या रसावरून होत नाही, चोथ्यावरून होते. दुकानात प्रात्यक्षिक दाखवीत असतील तर पेल्याकडे पाहू नये. चोथा मुठीत घेऊन घट्ट आवळावा. बोटांतून रसाची धार लागली तर यंत्राने फळ अर्धेच पिळले असे समजावे. मूठ नुसती ओलसर झाली तर यंत्र कामाचे आहे. हा प्रयोग करू देण्यास विक्रेता नाखूश दिसला, तर तेही एक उत्तरच होय.

मग येतो सुनेचा प्रश्न. वेगवान यंत्राचे काय किंवा मंदगती यंत्राचे काय, प्रत्येक वापरानंतर पाच-सहा भाग सुटे करून धुवावे लागतात. त्यांत जाळी हा सर्वांत चिकट भाग. ती लगेच वाहत्या पाण्याखाली ब्रशने घासली तर दोन मिनिटांत स्वच्छ होते. तासाभराने हात लावला तर चोथा वाळून छिद्रांत रुतून बसतो आणि सुई घेऊन बसावे लागते. गाजराचा नारिंगी डाग प्लॅस्टिकवर बसतो, तो तेलाचे बोट फिरवून मग साबणाने धुतल्यास बराचसा निघतो. जाळीत राहिलेला अंश उन्हाळ्यात काही तासांत आंबतो, आणि दुसऱ्या दिवशीच्या ताज्या रसात आदल्या दिवशीचे जंतू मिसळतात. म्हणजे धुण्याचा प्रश्न हा केवळ श्रमविभागणीचा नाही, आरोग्याचाही आहे. जे यंत्र धुण्याचा कंटाळा येतो, ते तीन आठवड्यांत माळ्यावर जाते. म्हणून यंत्र घेण्यापूर्वी दुकानातच त्याचे सारे भाग सुटे करून पुन्हा जोडून पाहावेत, आणि ते काम जो रोज करणार आहे त्याच्याच हातून करवून घ्यावे. पसंतीचा अखेरचा शब्द त्याचा किंवा तिचा असावा.

येथवर यंत्राचे झाले. परंतु रामबागेतील त्या घरात खरा प्रश्न यंत्राचा नव्हताच. तो आजोबांचा होता. मधुमेही माणसाला फळ हितकर आणि त्याच फळाचा रस अपायकर, हे कसे, असा प्रश्न कोणालाही पडेल. त्याचे उत्तर चोथ्यात आहे. फळ चावून खाल्ले की त्यातील साखर तंतूंच्या जाळ्यात गुंतलेली असते. ती सावकाश सुटते आणि पोटही भरते. यंत्राने तो तंतू बाजूला काढला की उरते ते साखरेचे पाणी, मग ती साखर निसर्गाने घातलेली का असेना. संत्र्याच्या २०० मिलिलिटर रसात साधारण १६ ते १८ ग्रॅम, म्हणजे चहाचे चार चमचे साखर असते. त्यात वरून काही घातलेले नसते. उसाच्या रसात तर दर १०० मिलिलिटरला १३ ते १५ ग्रॅम साखर असते. एका बैठकीस तीन संत्री खाणारा विरळा, परंतु तीन संत्र्यांचा पेला माणूस उभ्याउभ्या रिकामा करतो.

म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ च्या मार्गदर्शनात फळांच्या रसातील साखर ही 'मोकळ्या' साखरेतच, म्हणजे चहातील साखरेच्या पंक्तीलाच बसवली आहे. अशी साखर दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या दहा टक्क्यांपेक्षा कमी असावी, आणि पाच टक्क्यांच्या आत राहिल्यास अधिक चांगले, असे तिचे सांगणे आहे. पाच टक्के म्हणजे सामान्य माणसाला सुमारे २५ ग्रॅम. 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत, अखंड फळे खाणाऱ्यांत दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाचे प्रमाण कमी आणि नेमाने रस पिणाऱ्यांत अधिक आढळले होते. मुलांविषयी अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्ये सांगितले, की एक वर्षाच्या आतील बाळाला रस देऊच नये आणि तीन वर्षांपर्यंत दिवसाला १२० मिलिलिटरच्या पुढे जाऊ नये. रसाचा हा वेगच एका प्रसंगी उपकारक ठरतो, हेही सांगितले पाहिजे. मधुमेहाची औषधे घेणाऱ्याची साखर एकाएकी उतरली, घाम फुटून हात थरथरू लागले, आणि तो शुद्धीवर असून गिळू शकत असला, तर अर्धा पेला गोड रस त्याला चटकन सावरतो. जे रोज नको, ते अडचणीला हवे.

आजींच्या दुधी भोपळ्याविषयी तर अधिक गांभीर्याने बोलणे प्राप्त आहे. दुधी, काकडी, दोडका यांच्या कुळात कुकुर्बिटासिन नावाची कडू विषारी द्रव्ये असतात. लागवडीच्या भाजीत ती सहसा नगण्य असतात. पण एखादे फळ कडू निघते, आणि त्या कडूपणाचा अर्थ विष असाच आहे. दुधी कडू लागला तर भाजीचा पहिला घास माणूस थुंकतो. रस मात्र 'औषध कडूच असावयाचे' या समजुतीने डोळे मिटून घशाखाली उतरवला जातो. कडू दुधीच्या रसाने रक्ताच्या उलट्या होऊन माणसे दगावल्याच्या घटना आपल्या देशात घडल्या आहेत. त्यांचा विचार करण्यासाठी भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने तज्ज्ञांची समिती नेमली. तिचा अहवाल २०१२ मध्ये परिषदेच्या नियतकालिकात छापला गेला. त्याचा इत्यर्थ प्रत्येक स्वयंपाकघराने पाठ करावा असा आहे : रस काढण्यापूर्वी दुधीचा लहान तुकडा जिभेवर ठेवून पाहावा, कडू लागला तर तो दुधी टाकून द्यावा, दुधीच्या रसात दुसरे रस मिसळू नयेत, कारण कडूपणा झाकला जातो, आणि रस घेतल्यावर उलटी, जुलाब वा पोटात कळ येऊ लागली तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे. कोणत्याही किमतीचे यंत्र हा कडूपणा काढू शकत नाही.

मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनीही रसाच्या बाबतीत वैद्याला विचारल्यावाचून पाऊल टाकू नये. गोव्याच्या परसांत होणारे कर्मळ, ज्याची चकती ताऱ्यासारखी दिसते, निरोगी माणसाला निरुपद्रवी आहे. मूत्रपिंडाच्या रुग्णाला मात्र त्यातील द्रव्ये मेंदूपर्यंत बाधतात. पालक आणि बीट यांत ऑक्सलेट विपुल असते. ताटातल्या भाजीत ते बेताने पोटात जाते. मोठी जुडीच्या जुडी पेल्यात उतरवली आणि असे महिनोन्‌महिने चालले, तर मूत्रपिंडावर भार पडतो. यंत्राचा गुण तोच त्याचा धोका : माणूस जेवढे चावून खाऊ शकला नसता, तेवढे ते प्यावयास लावते.

साठवणीविषयी नियम सोपा आहे : काढावा आणि प्यावा. अगदीच ठेवावा लागला तर काचेच्या बाटलीत काठोकाठ भरून, झाकण लावून, शीतकपाटात ठेवावा आणि त्याच दिवशी संपवावा. गाजराच्या रसाला अधिकच जपावे, कारण लिंबू-मोसंब्याची आम्लता त्यात नसते. अमेरिकेत २००६ साली बाटलीबंद गाजराचा रस पिऊन काहींना बॉट्युलिझम हा पक्षाघातासारखा भयंकर विकार जडला होता. आंबट रस पितळेच्या वा तांब्याच्या भांड्यात ठेवू नये, हे जुन्या गृहिणींना सांगण्याची आवश्यकता नाही. परंतु तांब्याच्या पेल्यांची हौस आता नव्याने आली आहे, म्हणून उल्लेख. चोथा टाकण्याची वस्तू नाही. गाजराचा चोथा थालीपिठाच्या भाजणीत मिसळतो, पराठ्यात चालतो. रसातून निसटलेले तंतू त्या वाटेने पोटात आले तर पुष्कळसा हिशेब जुळतो. उरलेला ओल्या कचऱ्याच्या डब्यात जावा; २०१७ पासून स्वच्छतेचा पहिला मान वर्षानुवर्षे राखणाऱ्या इंदुरात ओला-सुका भेद लहान मुलालाही कळतो.

तर त्या घरी शेवटी काय ठरले? मुलाने पुन्हा डॉक्टरांची गाठ घेतली आणि आपण लावलेला अर्थ त्यांना सांगितला. ते म्हणाले, "फळे खा म्हणालो होतो, पिऊ द्या म्हणालो नव्हतो." दाढा नाहीत ही अडचण खरी होती, पण तिला तोड होती. पिकलेली पपई चमच्याने खाता येते, सफरचंद किसून देता येते, मोसंब्याच्या फोडी पापुद्रा सोलून जिभेने दाबता येतात. प्रमाण तेवढे डॉक्टरांनी ठरवून दिले. आजींचा दुधी भाजीत आणि रायत्यात गेला. मंदगती यंत्राचे पैसे वाचले, त्यांतून आजोबांची कवळी व्हावी असा प्रस्ताव सुनेने मांडला. आणि आश्चर्य असे, की यंत्राची किंमत ऐकून दचकलेले आजोबा, तेवढ्याच पैशांत पुन्हा पेरू फोडून खाता येईल हे ऐकून, फारशी कुरकुर न करता तयार झाले.

घरात एक यंत्र आले, नाही असे नाही. दांडा ओढून मोसंबे दाबणारा पोलादी हातदाब. त्याचे धुवावयाचे भाग दोनच. रविवारी सकाळी नात तो दांडा दोन्ही हातांनी ओढते आणि सर्वांसाठी लहान पेले भरते. आजोबांच्या वाट्याला त्यात दोन घोट येतात. ते ते चवीने घेतात, आणि पेला स्वतः विसळून ठेवतात.